फाट्यावरचा खांब आणि त्याची सहावी ओळ

(विष्णुपुरीत विद्यार्थ्यांसमोर बोललो होतो, त्या भागाचं हे शब्दांकन. 'तर' आणि 'म्हणजे' बरेच गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागपर्यंत आवाज येतोय नं? बरं.

मी इथंच विष्णुपुरीत चार वर्षं काढली. बीटेक केलं, संध्याकाळी काळेश्वराच्या देवळाकडं जाऊन धरणाचं पाणी बघत बसलो, आणि मग सगळ्यांसारखा पुण्याला गेलो. आज कोडिंगवर बोलणार नाहीये, घाबरू नका. आधी एक सोपा प्रश्न. 'स्वारातीम' म्हणजे काय?

"विद्यापीठ." बरोबर. पण यातला 'स्वा' कोण, 'रा' कोण, 'ती' कोण?

दोन हात वर आलेत. मी विद्यार्थी होतो तेव्हा माझा हात वर आला नसता, म्हणून हसत नाहीये. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नाव लांब आहे, रिक्षावाल्याला एवढं कोण सांगणार? आपल्या एसजीजीएसचंही तेच झालंय. श्री गुरु गोविंदसिंगजींचं नाव आहे ते. 1708 साली त्यांनी इथं नांदेडला देह ठेवला, आणि आपण त्यांच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं टी-शर्टवर छापून घेतली. या रस्त्याला दर थोड्या अंतरावर एक मोठी कमान आहे, कमानीवर नाव आहे, आणि नाव वापरून वापरून त्याचं संक्षिप्त रूप झालंय. रस्त्याकडेच्या खुणांवर बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण सगळ्यांत मोठ्या खुणा याच आहेत आणि आपण त्या वाचत नाही.

स्वामीजींबद्दल थोडंच सांगतो. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म 1903 चा, सिंदगीचा. ते गाव आज कर्नाटकात आहे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, नंतर अंबाजोगाईला. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहायच्या आधीच निजामानं तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. 15 ऑगस्ट 1947 ला दिल्लीत झेंडा फडकला तेव्हाही ते अटकेतच होते. आपल्याकडं झेंडा आला 17 सप्टेंबर 1948 ला. एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवस उशिरा. हे विद्यापीठ स्थापन झालं तेही 17 सप्टेंबरलाच, 1994 साली. म्हणजे नाव एक खूण, आणि स्थापनेची तारीख दुसरी.

या नांदेड-लातूर रस्त्याची आणखी एक गंमत. गंमत म्हणू नये खरं तर. रस्त्याच्या या टोकाला स्वामीजींचं नाव आहे, आणि त्या टोकाला लातूरला एक वकील होता, कासिम रझवी. पुढं तोच रझाकारांचा म्होरक्या झाला. दोघं एकाच मुलखातले. आपल्या शाळेच्या पुस्तकातून असं वाटतं की रझाकार कुठून तरी हैदराबादेहून आले होते.

आता खांबाकडं येतो.

लोह्याच्या पुढं एक फाटा आहे, तिथून आत माझ्या मित्राचं गाव. गावाचं नाव घेणार नाही, कारण पुढं कळेल. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत त्या फाट्यावर मी पन्नासदा तरी उतरलो असेन. चहाची टपरी, आणि टपरीशेजारी छातीएवढा उंच सिमेंटचा एक खांब. त्यावर इतक्या वेळा चुना मारलेला की अक्षरं पुरणासारखी भरून आलेली. आम्ही त्याच्यावर बॅगा टेकवायचो. टपरीवाला त्याला दोरी बांधून ताडपत्री ताणायचा. तो मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांचा खांब होता, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही मित्राच्या चुलत्यांनी बॅग काढायला लावली म्हणून.

असे खांब, चौथरे, स्तंभ आपल्या जिल्ह्यात बरेच आहेत. काही ठिकाणची नावं निदान जिल्ह्याला माहीत आहेत. बिलोलीकडं अर्जापूर. तिथं गोविंदराव पानसरे यांची 1946 मध्ये हत्या झाली, त्यांच्या नावानं आज तिथं कॉलेज आहे. कंधार तालुक्यातलं कल्हाळी, जिथं अप्पासाहेब नाईकांच्या गढीतून गावकरी लढले. उमरी, जिथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा 30 जानेवारी 1948 ला सशस्त्र कार्यकर्त्यांनी लुटली. तारीख बघा. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि नांदेड शहरात माता गुजरीजी विसावा उद्यानात स्मारक आहे, तिथं दर 17 सप्टेंबरला सरकारी झेंडावंदन होतं. पण माझ्या मित्राच्या गावासारखी शेकडो गावं आहेत, तिथं एक-दोन माणसं गेली, आणि गावानं आपल्या पैशातून एक खांब उभा केला. त्यांची नोंद त्या खांबावरच.

आणि ही पद्धत काही नवी नाही. आपल्या गावांत मारुतीच्या पारापाशी शेंदूर लावलेले उभे दगड असतात नं, त्यातले काही वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत मेलेल्या वीराला अप्सरा वर घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो. आता विचार करा, बहुतेक वीरगळांवर नावच नाही. लढला कसा, गाई वाचवताना गेला का घोड्यावरून पडला, हे सात-आठशे वर्षांनी दिसतं, पण कोण होता ते गेलं. सिमेंटच्या खांबाचं उलटं. नाव आहे, पण कसा गेला, का गेला, त्याचा पत्ता नाही. आणि संरक्षित स्मारकांवरचा तो निळा फलक वाचलाय का कधी? तोडफोड केली तर दोन वर्षं कैद, एक लाख दंड, शंभर मीटरमध्ये बांधकाम नाही. सगळं आहे. कशाची तोडफोड करायची नाही, ते मात्र बऱ्याचदा लिहिलेलं नसतं!

तर 2023 मध्ये मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षं झाली. गावानं ठरवलं, जुना खांब काढून काळ्या ग्रॅनाइटचा करायचा. मित्राचा फोन आला, "मजकूर तू लिव्ह, तू कंप्युटरवाला हाईस." कंप्युटरचा आणि याचा काय संबंध, पण मी हो म्हणलो. मला हौस होतीच. मी तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या भागातली स्मारकं टाकायला लागलो होतो. त्या नकाशात कुणीही भर घालू शकतं. स्मारकाची जागा टाकायची, प्रकार टाकायचा, आणि त्यावर काय कोरलंय ते लिहायला एक रकाना असतो. त्या रकान्याला 255 कॅरेक्टरची मर्यादा. आणि देवनागरीत गंमत अशी की 'हुतात्मा' ही आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कंप्युटर ती आठ मोजतो. काना, उकार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं. पुढं ग्रॅनाइट कोरणारा भेटला तर तो विचारतो, "सर, अक्षरावर रेट आहे. जोडाक्षर एक धरायचं का दोन?" मी म्हणलो, दादा, तुमचा आणि माझा धंदा एकच आहे.

मी सांगितलं होतं, शनिवारी येतो, जुन्या खांबाचे नीट फोटो काढतो, मग पाडा. जेसीबी गुरुवारी मोकळा होता. शनिवारी मी पोचलो तर टपरीशेजारी खड्डा, आणि खांबाचा चुरा रस्त्याच्या भरावात. यात कुणाचा दोष काढू? पन्नास वेळा मी तिथं चहा प्यायलो, खिशात कॅमेरा होता.

एकच फोटो सापडला, 2016 चा. आम्ही चौघं, हातात कप, मागं खांब. फोटो मोठा केला की पाच नावं लागतात. पाचव्याच्या खाली सहावी ओळ आहे. ओळ आहे एवढं नक्की, कारण पहिली दोन अक्षरं दिसतात, पण चुन्यानं भरलेली. बाकीच्या ओळीवर माझा खांदा आहे.

माझा स्वतःचा खांदा. मी तो फोटो हर तऱ्हेनं बघितला, कॉन्ट्रास्ट वाढवला, सगळी सॉफ्टवेअरं लावली. खांद्यामागचं कुठलंच सॉफ्टवेअर दाखवत नाही. हल्लीची काही दाखवतात, पण ती मनानं भरतात, आणि हुतात्म्याचं नाव मनानं भरायचं नसतं.

मग गावात विचारत फिरलो. एक काका म्हणाले, "सहावं नावच नव्हतं, खाली ग्रामपंचायत आन् सन लिव्हलं होतं." दुसरे म्हणाले, नाव होतं, आडनाव नव्हतं. ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरात खांबाचा खर्च सापडला, सिमेंट किती पोती ते सापडलं, नावं नाहीत. शेवटी मित्राची आई मला एका आज्जीकडं घेऊन गेली. पंच्याऐंशीच्या आसपासच्या. ओसरीत बसल्या होत्या, गहू निवडत.

"काय लिव्हायलास रे लेकरा?"

"त्या फाट्यावरच्या खांबाचं लिव्हायलाव, आज्जी. तुम्ही तवा केवढ्या होतात?"

"आसंन नऊ-धा वर्साची. रझाकारात माझा बाप वऱ्हाडात पळून गेल्ता. आन् ॲक्शनमधी वापस आला."

हे ऐकून घ्या. आपल्याकडची जुनी माणसं 1948 म्हणत नाहीत. त्यांचे दोन काळ आहेत, 'रझाकारात' आणि 'ॲक्शनमधी', म्हणजे पोलीस ॲक्शन. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं निजामाचं राज्य नाही, म्हणून माणसं नदी ओलांडून जायची.

सहावं नाव त्यांनी सांगितलं. एका वाड्यावरचा सालगडी होता. निरोप इकडून तिकडं पोचवायचा. वाटेत धरला आणि मारला. नाव सांगितलं ते हाक मारायचं नाव, ज्या नावानं गावात दहा माणसं असतील. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. सालगड्याचं पूर्ण नाव तेव्हा विचारणार कोण?

मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "आन् पेवाचं लिव्हणार का न्हाई?"

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलं नसेल. सप्टेंबरात ती रिकामी असतात, पीक अजून यायचं असतं. ॲक्शन झाली, झेंडा लागला, आणि त्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या गावांतून बातम्या यायला लागल्या. त्यांच्या घराशेजारी एक मुसलमान कुटुंब होतं, बांगड्या विकणारं. आज्जींच्या आईनं त्या बाईला आणि तिच्या तीन लेकरांना रिकाम्या पेवात उतरवलं आणि वर कडबा टाकला. तीन रात्री. ही नऊ वर्षांची पोरगी परकरात भाकरी लपवून न्यायची आणि दोरीनं खाली सोडायची. त्या बाईचा नवरा बाजाराला गेला होता, तो परत आलाच नाही.

"त्याचं नाव हाय का कुठं लिव्हलेलं?" आज्जींनी विचारलं.

मी गप्प बसलो. नंतर वाचलं. केंद्र सरकारनं 1948 च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांची समिती इकडं पाठवली होती. पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर संस्थानभर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज, बहुतेक मुसलमान. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं, जिल्हा झालं 1982 ला. म्हणजे आपला हा रस्ता. रझाकारांनी आधी गावागावांत काय केलं तेही त्या अहवालात आहे, आणि शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख आहे. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. मी इथं चार वर्षं शिकलो, दर 17 सप्टेंबरला सुट्टी घेतली, आणि 18 सप्टेंबरला काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गावाच्या बैठकीत मी हे मांडलं. फार धीर नव्हता, पण मांडलं. एक ओळ टाकू, नाव कुणाचंच नको : 'त्या दिवसांत शेजारधर्म पाळणाऱ्यांची आठवण.' बैठकीत एकदम शांतता. मग एक जण म्हणाले, "हुतात्म्यांचा खांब आहे बाबा, त्यात बाकीचं कशाला?" दुसरे म्हणाले, "ते उकरून आज कुणाचं भलं व्हायलंय?" मला सांगायला पाहिजे की मला त्यांचा राग नाही आला. त्यातल्या एकाचे आजोबा त्या पाच नावांत आहेत. त्यांच्या घरात ते दुःख अजून आहे. आणि आजचे दिवस कसे आहेत ते तुम्हालाही माहीत आहे, वर्तमानपत्र मीही वाचतो. पण मला वाटतं ती ओळ लागली असती तर त्या पाच नावांचं तेज काही कमी झालं नसतं. मी जास्त ताणलं नाही. ताणायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

जर्मनीत एक पद्धत आहे, मराठीत तिला ठेचेचा दगड म्हणता येईल. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकारानं 1990 च्या दशकात सुरू केली. दहा सेंटिमीटरचा चौकोनी दगड, वर पितळेचा पत्रा, फुटपाथमध्ये बसवलेला. नाझींनी ज्याला नेलं त्याच्या शेवटच्या घरासमोर. इथं राहत होता, नाव, जन्माचं साल, पुढं काय झालं. एका माणसाला एक दगड. 2023 पर्यंत असे एक लाख दगड झाले. मला त्यात आवडतं ते हे की मजकूर छोटाच आहे, आपल्या 255 मध्ये सहज बसेल, पण 'पुढं काय झालं' ही ओळ सोडलेली नाही. आणि दगड चौकात नाही, दारात आहे.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

मजकूर मी घाईत फोनवर टाइप केला. पहिली ओळ 'मराठवाडा मुक्तिसंग्राम'. दुसरी '१७ सप्टेंबर १९४८'. तिसरी 'हुतात्मे', आणि खाली पाच नावं. कोरणाऱ्यानं तसंच्या तसं कोरलं. खांब उभा राहिला, हार घातले, फोटो झाले. दोन दिवसांनी पाचातल्या एकाच्या नातवाचा फोन. "दादा, आमचे आजोबा सप्टेंबरात नाही गेले. खळं चालू होतं. घरी त्यांचं श्राद्ध फाल्गुनात असतं." मी तो मजकूर पुन्हा वाचला. बरोबर होतं त्याचं. कुणीही वाचलं तर वाटेल पाचही माणसं एकाच दिवशी गेली. मुक्तीची तारीख मी मरणाची तारीख करून टाकली होती. आपल्याकडं चूक झाली की कोड मागं घेता येतो. ग्रॅनाइट मागं घेता येत नाही.

कोरणाऱ्या दादांनीच उपाय काढला. तारखेच्या आधी डावीकडं जरा जागा होती, तिथं बारीक अक्षरांत 'मुक्तिदिन' बसवलं. वाकडं दिसतं, पण अर्थ सरळ झाला. त्या शब्दाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, म्हणाले तुमचं बघून मलाच वाईट वाटलं. नंतर मी बाकीच्या चार घरीही गेलो आणि तिथी विचारल्या. चारपैकी तिघांना माहीत होत्या. पंचाहत्तर वर्षं दगडावर नसलेली माहिती नैवेद्याच्या पानावर टिकली होती, आणि मी ती विचारायला गेलो दगड कोरून झाल्यावर.

तुमच्या गावात असा खांब असेल तर पाडायच्या आधी फोटो काढा. दुपारी काढू नका, अक्षरं सपाट दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असतं, तेव्हा काढा. नाहीतर रात्री जा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूनं दगडाला जवळजवळ चिकटवून धरा, दुसऱ्यानं समोरून फोटो घ्यायचा. भरलेली अक्षरंसुद्धा सावलीनं वर येतात. खडू घासू नका, तेल-रंग लावू नका, चुना खिळ्यानं खरवडू नका. मागची बाजू आणि पायाही बघा. आणि फोटोत स्वतः उभे राहू नका!

आज्जींचं बोलणं मी मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, अकरा मिनिटांचं. त्यांची अट आहे की आपलं नाव, गावाचं नाव आणि त्या कुटुंबाचं नाव बाहेर जायचं नाही. "लेकरं हायेत त्यांची, कुठं कुठं नांदायलेत." म्हणून मी फाटा सांगितला, गाव नाही. या भागात ते रेकॉर्डिंग लावणार नाही, पण पेवाची गोष्ट सांग असं त्याच म्हणाल्या होत्या.

सहाव्या नावाचा निकाल लागलेला नाही. ते काका अजून म्हणतात ती ओळ ग्रामपंचायतीची होती. आज्जी म्हणतात ते नाव होतं. एवढं मात्र बैठकीत मान्य झालं की पाचव्या नावाखाली एका ओळीची जागा मोकळी ठेवायची. नकाशावर मी तसंच टाकलंय : पाच नावं, सहावी ओळ वाचता आली नाही. मागच्या 17 सप्टेंबरला मी फाट्यावर होतो. शाळेची पोरं झेंडावंदन करून टपरीवर आली होती. त्यातल्या एकाला विचारलं, ही खालची जागा मोकळी का रे?

"तिथं देणगीदाराचं नाव येणाराय," तो म्हणाला.

मी त्याच्यासाठी एक बिस्किटचा पुडा घेतला, आणि त्याला बसवून सालगड्याची गोष्ट सांगितली. मध्येच त्याची गाडी आली, तो पळाला.